खुशीचं पथ्य

उकंडरावांनी मेंढी गोठ्याआड ढकलायला आणि आशाबाईनं बाजेवर उठून बसायला एकच गाठ पडली.

"अवो, थांबा जरा. कोन हाय ती? काळ्या कानाची का?"

"न्हाई, न्हाई. तू पड. टीव्ही लावू का?"

पावसाळ्यात बांधावरून घसरून आशाबाईच्या गुडघ्याजवळची नस चेचली, तेव्हापासून तिचं उजवं पाऊल पुढून लोंबतच होतं. चालताना चप्पल गळून पडायची. व्यायामाच्या डॉक्टर पुनम मॅडमनी नवराबायकोला समोर बसवून सगळं समजावलं होतं. नस हळूहळू वाढते. माणूस काळजीत असला की अंगात जे रस सुटतात ते तिची वाढ अडवतात, आणि मन खुश असलं की मेंदूतली रसायनं तिला हात देतात. शिवाय पाऊल उचलायचा प्रयत्न रोज करायचाच.

उकंडरावांनी त्यातली खुशी तेवढी मनावर घेतली. घरात वाईट बातमी काढायची नाही, आशाबाईशी वाद घालायचा नाही आणि मेंढरांचं तर नावच घ्यायचं नाही. सगळी मेंढरं त्यांनी तिच्या नजरेआड शिरड शहापूरकडच्या एका शेतात नेऊन बसवली. जन्मभर मेंढरांच्या कालव्यात राहिलेली बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसायची, आणि यांना वाटायचं, केवढ्या सुखात आहे! व्यायामाला बसली की ती पावलाकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तशी बघायची. पाऊल हलायचं नाही.

पण औषधपाण्यासाठी आज गुपचूप घरी आणलेल्या या मेंढीला पथ्यपाणी कोण सांगणार? ती बें बें करत सरळ बाजेपाशी आली. अंगावर लोकर कुठे बोटभर, कुठे नावालाही नाही. कातर लागलेल्या जागी हळद थापलेली.

आशाबाईचा आवाज चढला. "हिला कुनी भादरली?"

"म्या... तुला तकलीफ नको म्हनून."

"आधी वढ्यात न्हेऊन धुतली व्हती?"

उकंडराव हळद लागलेली बोटं धोतराला पुसू लागले.

"धुतल्याबिगर कातर लावली? अवो, मातीनं लोकर चिकटती, कातर अडकती, कातडं वढलं जातं! येवढं बी कळंना तुमाला? तरीच म्हनलं, मला काहून कुनी काही सांगून न्हाई राहिलं! मुकं जनावर हाय ते. इकडं आना तिला!"

बोलता बोलता तिनं पाय बाजेखाली सोडले आणि उठायला गेली. उकंडरावांची मान शरमेनं खाली गेली होती, म्हणूनच त्यांना ते दिसलं. उजवी टाच जमिनीला टेकलेली होती आणि पुढचा चवडा अंगठ्यासकट वर उचललेला होता.

ते ओरडलेच, "शिवशंकर! अरे पोरा, मॅडमला फोन लाव!"

लेक धावत आला. त्याच्या तोंडून सगळं ऐकताच फोनमधून पुनम मॅडमचा आवाज घरभर घुमला, "काका, नस पाऊल उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचली! वाढत तर ती होतीच. आज काकूंना मनापासून उठायचं होतं, मेंदूनं जोर लावला आणि पाऊल उचललं गेलं. आता थांबू नका. त्या जे करत होत्या, ते रोज करू द्या!"

उकंडरावांना आनंद मावेना. त्यांनी मेंढीलाच मिठी मारली. डोळ्यांना धार लागली ती थांबेना.

नवऱ्याचे डोळे पाहून आशाबाईचा राग मात्र उतरला. "जाऊ द्या. लई बोलले मी," ती हळूच म्हणाली, आणि चवडा अलगद खाली टेकला.

"ए, गप नको होऊ!" उकंडराव घायकुतीला आले. "मॅडम काय म्हनल्या? जे करून राहिली व्हतीस तेच कर. भांड माझ्याशी!"

आशाबाईनं पावलाकडे पाहिलं. अंगठा उचलून बघितला. थरथरत का होईना, तो उचलला गेला. तिला हसू आवरेना. शेवटी तिनं पदर खोचला आणि नीट सरसावून बसली.

"मंग बसा खाली," ती म्हणाली. "आपल्या लग्नापासून सुरू करते."