फक्त गुरुवारी

बागेचं फाटक उघडलं तेव्हाच धाकट्याला दिसलं, की थोरला भाऊ आज बाजाराला गेलेला नाही. तिसऱ्या रांगेत, शिडीवर, त्याची पाठ होती. धाकट्याच्या मागे पाहुणे उभे होते: बँकेतले एक साहेब, त्यांची बायको आणि सत्तरीची आई. परत फिरायला एखादं निमित्त हवं होतं, आणि एरवी बोलबोल बोलणाऱ्या या माणसाला ऐन वेळी एकही सुचेना.

पाहुणघराच्या दारात त्याने हौसेने पाटी लावली होती. काय पाहाल, काय कराल. एक, टेकडीवरून सूर्योदय. दोन, गाईची धार काढून पाहणे. तीन, ओढ्यात पाय सोडून बसणे. चार, आमच्या संत्राबागेत फेरफटका, फक्त गुरुवारी. गुरुवारी थोरला फळं घेऊन बाजाराला जायचा, म्हणून गुरुवार. स्वतःच्या वाटणीची झाडं धाकट्याने खोल्या बांधायला तोडली होती, आणि त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद होतं. त्याला दोन वर्षं झाली. ‘आडनाव एकच आहे, मग आमची म्हटलं तर खोटं कुठे?’ असं तो बायकोला म्हणायचा. ‘एक दिवस तोंडघशी पडाल,’ असं ती म्हणायची.

“किती वर्षांची हो ही झाडं तुमची?” साहेबांच्या आईने विचारलं.

“असतील... दहा-बारा.”

“अठरा.”

थोरला शिडीवरून उतरत होता. थोरल्याची जीभ सगळ्या गावाला माहीत होती. भल्याभल्यांची त्याने चारचौघांत सालटी काढली होती, आणि आज तर हक्काचं सावज पायाने चालत आलं होतं. थोरल्याने आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. दोन वर्षांत पहिल्यांदाच असं सरळ. मग त्याने विजारीला हात पुसले.

“अठरा झाली, मालक. तुम्ही तेव्हा शाळेत होता, म्हणून लक्षात नसेल.”

साहेबांनी विचारलं, “हा तुमचाच माणूस का?”

दोन शब्द पुरले असते. माझा भाऊ. पण पाठोपाठ पुढचंही सांगावं लागलं असतं, की बाग त्याची आहे, माझं इथे एक पानही नाही.

“हो,” धाकटा म्हणाला. “आमच्याकडेच असतो.”

“गाडी बिघडलीय, मालक,” थोरला म्हणाला. “म्हणून आज थांबलो. पाहुण्यांना फळं तोडायचीत ना? चला, इकडच्या झाडाची गोड आहेत.”

त्याने साहेबांच्या बायकोला फळ कसं धरायचं ते दाखवलं. हिसका द्यायचा नाही, देठापाशी अलगद पिळायचं, मग ते आपसूक हातात येतं. तिला दुसऱ्याच फळाला जमलं आणि ती लहान मुलीसारखी खूश झाली. आजींना वाकायला लागू नये म्हणून त्याने एक फांदी हाताने खाली धरून ठेवली. बाजारासाठी राखलेलं झाड होतं ते. धाकट्याला एवढं तरी कळत होतं.

“पुरे, पुरे, पिशवी फाटेल,” आजी म्हणाल्या.

“असू द्या. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, असा मालकांचा नियम आहे.”

नियम त्यांच्या वडिलांचा होता. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. याने दोन शिव्या घातल्या असत्या, पाहुण्यांसमोर एक मुस्काटात दिली असती, तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं. शिवीला उलटून उत्तर देता येतं. हा तर आपली अब्रू पदराआड झाकून घरी पोचवत होता. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आजी त्याच्याजवळ सरकल्या. “जुना माणूस दिसतो तुमच्याकडे.”

“हो. मी लहान होतो तेव्हापासून.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते बोलताना त्याचा आवाज चिरकला.

“सांभाळा हो त्याला. अशी माणसं आता मिळत नाहीत.”

निघताना साहेबांना फोटोची हुक्की आली. सगळ्यांनी झाडाखाली उभं राहायचं ठरलं. त्यांनी आपला फोन थोरल्याच्या हातात दिला आणि कुठे बोट ठेवायचं ते दोनदा समजावलं. थोरल्याने निमूटपणे दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

“मालकांना मधे घ्या,” तो म्हणाला.

धाकटा मधे उभा राहिला. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला आजी, आणि समोर, उन्हात, फोन डोळ्यांपुढे धरलेला थोरला. जनाची नाही तर मनाची तरी, असं म्हणतात. त्याला ते असह्य झालं.

“साहेब, थांबा जरा,” तो म्हणाला. “एक सांगायचं राहिलं. हा माझा...”

“हलू नका, मालक,” थोरला मधेच म्हणाला. “हलल्यावर फोटो बिघडतो. जरा हसा.”

साहेब हसले, बायको हसली, आजींनीही तोंड भरून हसून घेतलं. बारीकसा आवाज झाला. थोरल्याने फोन खाली घेतला, हाताची सावली करून बराच वेळ त्यात पाहिलं आणि मान हलवली.

“परत काढावा लागेल,” तो म्हणाला. “मालकांनी मान खाली घातलीय.”