हात लावू नकोस

शहाण्णव साली आमच्या नेरूळच्या सोसायटीत दर तिसरी बाई मॉन्टेसरीचा कोर्स करत होती, मग माझी बायको गीतांजली कशाला मागे राहतेय! तिने पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरं कापली, चिकटवायला मी होतोच. फाईलच्या पहिल्या पानावर तिने झोकात लिहिलं, 'मूल हातांनी शिकतं. त्याला अडवू नका.'

पुढचे तीन महिने आमच्या चार वर्षांच्या वरदने घरात एकच वाक्य ऐकलं, "हात लावू नकोस! मम्मीला सबमिट करायचंय."

प्रॅक्टिकलला घरचंच मूल न्यायचं होतं. परीक्षक बाईंनी वरदपुढे 'अ' ठेवला आणि लाडाने म्हणाल्या, "बोट फिरव बघू यावरून." वरदने आईकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"अरे, लाव ना हात!" गीतांजली रडकुंडीला आली.

"नाय. तू मारतेस."

कोर्स बुडाला, हे आम्ही दोघंही धरूनच चाललो होतो.



निकालात गीतांजली पहिली आली. शेरा होता, 'साहित्य उत्कृष्ट. एकाही अक्षरावर बोटाचा डाग नाही.'