माझ्या विम्यावर माझी डॉक्टर

धाकट्या नातवाला पाळण्यात घातलं त्या वर्षीच्या शरदात, एका सकाळी, अनारकान गावच्या दवाखान्यातल्या बाकावर बसली होती, आणि तिची पाळी आली तरी उठत नव्हती.

दारात मेरिम उभी होती. पांढरा कोट घातलेली, नजर खाली. गावाची नवी डॉक्टर आणि अनारकानची धाकटी सून.

"आई, या ना आत."

"इथं आया पुष्कळ बसल्यात," अनारकान म्हणाली. "कुणाला बोलावतेस?"

बाकावरच्या बायका हसल्या. मेरिमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती पुन्हा आत गेली.

मेरिम येऊन उन्हाळा सरला होता, पण आरोग्य विम्यावर प्रत्येकानं नोंदवायचा आपला डॉक्टर म्हणून तिचं नाव द्यायला कुणी तयार नव्हतं. सगळे जिल्ह्याच्या गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव देत आणि घाट उतरून तिकडे जात. मेरिमच्या शिक्षणाविषयी कुणाची तक्रार नव्हती. पण अर्धं गाव तिच्या सासरच्या भावकीतलं. सासरच्या थोरांचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही, ही त्या डोंगराळ मुलखातली रीत. नाव न घेता ती बोलावणार कसं? मान वर न करता सदरा काढा म्हणून सांगणार कसं? बर्फ पडायच्या आत पुरेशी नावं जमली नाहीत तर तिची तपासणीची खोली बंद होणार होती आणि मेरिमची बदली खाली शहरात. मग गावात पुन्हा डॉक्टर नाही.

अनारकानला पेन्शन लागायला अवकाश होता. लोकर थापून केलेले नमद्याचे गालिचे विकून तिनं त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा विमा काढला. आजवर घरचे पुरुष सांगतील तो तिचा डॉक्टर. आज सकाळी दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईनं न विचारताच म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव लिहायला घेतलं, तेव्हा अनारकान म्हणाली, "थांब. विमा माझा आहे. मेरिमचं लिही."

ही बातमी तिच्याआधी बाकापर्यंत पोचली होती. शेजारी तिचा चुलतदीर बसला होता. लग्न होऊन आली तेव्हा तिनं त्याला 'लांबड्या' हे नाव ठेवलं होतं, कारण नव्या नवरीनं दिराचंही नाव घ्यायचं नसतं. लांबड्याची दाढी पिकली तरी ते नाव सुटलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "सुनेच्या हातचा चहा घरी मिळतोच की. इथवर कशाला तंगडतोड?"

"चहाला नाही आले. माझ्या डॉक्टरला दाखवायला आले."

"तुझी डॉक्टर तर मुकी झाली. दुपारपर्यंत बसशील अशीच."

"बसेन. गुडघे माझे दुखतायत, तुझे नाही."

दार उघडलं. मेरिमच्या हातात कागद होता.

"आमच्या घरच्या मोठ्या बाईंनी आत यावं," ती म्हणाली.

"मोठ्या बाईंना नाव आहे. तुझ्या हातात लिहिलेलं आहे. वाच."

आता कुणी हसलं नाही. घरी ही बाई सुनेशी कधी वाकडं बोलली नव्हती. आज सगळ्या गावासमोर ती तिला का छळते आहे, ते बाकावरच्या कुणाला कळेना.

"अनारकान," मेरिम पुटपुटली.

"ऐकू आलं नाही. म्हाताऱ्या माणसांशी डॉक्टरनं मोठ्यानं बोलावं."

मेरिमनं मान वर केली. सासूच्या डोळ्यांत तिनं असं थेट कधी पाहिलं नव्हतं.

"अनारकान सादिरोव्हना," ती वडिलांच्या नावासकट खणखणीत म्हणाली, "आत या. रांग खोळंबली आहे."

अनारकान उठली. डोक्यावरचा पांढरा रुमाल नीट केला, पाठ ताठ केली आणि लग्नाच्या मांडवात शिरावं तशी चालत दारापर्यंत गेली. तिथं वळून म्हणाली, "बघ रे लांबड्या. छप्पर कोसळलं का?"

लांबड्यानं वर पाहिलं. मग टोपी उचलली आणि मेरिमच्या यादीत नाव घालायला खिडकीकडे निघाला. त्याच्यामागून दोन म्हाताऱ्या उठल्या.

आत मेरिमनं सासूच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला.

"आई, सगळ्यांदेखत असं का केलंत?"

"तू आधी तुझे प्रश्न विचार. डॉक्टर विचारतात ते."

मेरिमनं कागद पुढं ओढला. "घरात कुणी छातीच्या दुखण्यानं गेलंय?"

"माझ्या माहेरी कुणी नाही. पण तुझ्या पोरासाठी लिहून ठेव, त्याच्या पणजोबांना, माझ्या सासऱ्यांना, तेच होतं. मी नवी सून होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. ते गोठ्यात कोसळले. मी धावत कचेरीत गेले आणि दवाखान्यात फोन लावला. तिथला माणूस नवा होता. म्हणाला, कुणाला झालंय? मी म्हटलं, थोरल्या आबांना. तो म्हणाला, अगं बाई, इथं घरोघर थोरले आबा आहेत, नाव सांग." अनारकाननं दंडावरचा पट्टा सारखा केला. "तो नाव सांग, नाव सांग म्हणत राहिला. मी नुसती फोन धरून उभी. शेवटी म्हटलं, वरच्या आळीतले. वरच्या आळीत दोन थोरले आबा होते."

मेरिम लिहायची थांबली. "नाव काय त्यांचं?"

अनारकाननं आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं, बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"ओस्मोन."

ओस्मोन १९८२ सालच्या मार्चात, बर्फ वितळायच्या आत, आपल्या गोठ्यात वारले. दवाखान्याचा माणूस तेव्हा औषधाची पेटी घेऊन शेजारच्या अंगणात, दुसऱ्याच थोरल्या आबांकडे, उभा होता.