प्रवाळाची पाठवणी

समुद्र तापून आंबट झाला, तेव्हा उरलेसुरले प्रवाळ मालवणच्या लोकांनी घरोघरी काचेच्या टाक्यांत, गार पाण्यात जगवले. एकोणीस वर्षांनी किल्ल्यामागचं पाणी त्यांना पुन्हा मानवेल असं झालं आणि पाठवणीचा दिवस ठरला.

भागीरथी कुबल होडीत बादली कवटाळून बसल्या होत्या. आणलं तेव्हा अंगठ्याएवढं असलेलं त्यांचं प्रवाळ आता नारळाएवढं झालं होतं. वीज गेली की त्या बाजारातून बर्फ आणून टाकीभोवती रचायच्या.

"काकी, द्या आता," पाण्यात उतरलेली संज्योत म्हणाली. प्रवाळ खाली बसवायचं काम तिचं होतं.

"थांब गो. पाणी तेका सोसला नाय तर?"

संज्योतने बादलीसाठी हात पुढे केले. भागीरथीबाईंनी पदर खोचला, तोंडावर श्वासाचा मुखवटा चढवला आणि त्या बादलीसकट पाण्यात उतरल्या.

तळाशी हिरवट उजेड होता. दोघींनी मिळून प्रवाळ खडकावर बसवलं. त्याच्या अंगावरचे इवले जीव, म्हणजे त्याची सगळी फुलं, मिटली होती. भागीरथीबाई त्याच्याजवळ हात नेऊन थांबल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. संज्योतने वर चलायची खूण केली, तरी त्या हलल्या नाहीत. मग एक फूल उघडलं, त्याच्या शेजारचं उघडलं आणि बघता बघता सगळं प्रवाळ फुललं. लाट वरून गेली की फुलं एका अंगाला झुकत, पुन्हा सावरत.

वर आल्यावर संज्योतने त्यांना हात देऊन होडीत घेतलं. "काकी, रडताय?"

"घरात ही फुलां कधी अशी डुलली नाय गो," भागीरथीबाई म्हणाल्या.