कोशातले टटल

पत्राची पहिलीच ओळ वाचून प्राध्यापक एझ्रा टटल उभे राहिले आणि त्यांनी चमच्याने ग्लास वाजवला. चर्चच्या तळघरात रविवारचं जेवण नुकतंच वाढून झालं होतं. तळलेला मासा, मक्याचा पाव, वाफाळती भाजी. जॉर्जियातल्या त्या मंडळींनी निमूटपणे काटे खाली ठेवले. सवय होती.

चाळीस वर्षं टटलांनी नावांच्या जाती पाडल्या. नदीचं ते जलनाम, गावाचं ते स्थलनाम. गलेलठ्ठ सुताराला सगळे 'काडी' म्हणत. अशा उलट्या टोपणनावांच्या जातीसाठी टटलांनी स्वतः 'उफराटेनाम' हा शब्द घडवला होता आणि दरवर्षी तो शब्दकोशवाल्यांना पाठवत होते. डोळे मिटण्याआधी आपलं काहीतरी कोशात जावं, एवढी एकच आस. आणि आज कोशवाल्यांनी लिहिलं होतं, नव्या आवृत्तीत आपल्या नावाला जागा देत आहोत.

म्हणजे, टटलांनी ताडलं, त्या उलट्या टोपणनावांच्या जातीला थेट टटलांचंच नाव. मग माणसाच्या नावावरून पडलेल्या शब्दाला काय म्हणतात, त्याचे पोटप्रकार किती, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. भाजीची वाफ विरली.

"मिस्टर टटल," त्यांची बायको व्हर्डी म्हणाली, "पुढची ओळ वाचा."

टटलांनी चष्मा लावला. "टटलणे. क्रियापद. ताटातलं गार होईपर्यंत त्याला काय म्हणतात ते सांगत बसणे. पहिली नोंद: रेव्हरंड गॅडिस यांचं प्रवचन."

सगळ्यांनी ताटात पाहिलं. ते प्रवचन कोण विसरेल? त्याच्या आदल्या आठवड्यात टटलांनी इथेच जेवण थांबवून देवाच्या नावांचे अकरा प्रकार पाडले होते. प्रवचनाच्या रविवारी बोलता बोलता रेव्हरंडांना सूर लागला, बाकं डोलू लागली, आणि ते गाऊन गेले, "टटलू नका, लेकरांनो, हाक मारा, नुसती हाक मारा." सगळं चर्च रडत टाळ्या वाजवत होतं. टटल तेवढे खाली मान घालून वहीत लिहीत होते, हाकेच्या नावाला काय म्हणावं.

"हे कोशवाल्यांना कळवलं कोणी?" टटलांनी विचारलं.

"मी," व्हर्डीने त्यांच्या ताटात पाव ठेवला. "तुमची आस होती ना. आणि चाळीस वर्षं गार जेवतेय मी, दाखल्यांना काय तोटा?"