अकराने भाग जातो

रिपोर्ट चांगला होता. रक्तातलं इन्फेक्शन गेलं, उद्या घरी न्या. सिस्टरने तो कागद तिच्या हातात ठेवला, दुसरा बाकावर खिडकीच्या बाजूला बसणाऱ्या खिडकीवालीला दिला आणि ती घाईने आत गेली.

एकोणीस दिवस दोघी एकाच बाकावर बसून होत्या. दोघींची बाळं एकाच दिवशी जन्मलेली, दोन्ही आत काचेच्या पेट्यांत. खिडकीवाली फोनवर नवऱ्याशी भांडून वेळ काढायची. ही आकडे फोडायची. दोन्ही बाळांची नावं अजून ठेवली नव्हती; मनगटावरच्या पट्टीवर फक्त नंबर होता, हिच्या बाळाचा ३६६३०१०९८९. कॉलेजात शिकलेलं गणित एवढ्यालाच कामी आलं. पहिल्याच दिवशी त्याला नऊने भाग गेला, अकराने गेला, सदतीसने गेला. उरले दहा लाख तीन. ते काही फुटेनात. औषधांच्या चिठ्ठ्यांमागे एकेक मूळ संख्या घेऊन ती भागत बसायची.

"पेपर कधी आहे हो तुमचा?" खिडकीवाली टोमणा मारायची.

काल दुपारी हजाराच्या आतल्या शेवटच्या मूळ संख्येने, नऊशे सत्त्याण्णवनेही भाग गेला नाही; त्यापुढे पाहायची गरज नव्हती. म्हणजे दहा लाख तीन कशानेच फुटत नाहीत. तिला उगाचच धीर आला होता.

आता सवयीनेच तिने रिपोर्टवरच्या नंबरातले एकाआड एक आकडे मिळवले. अठरा. मधले राहिलेले मिळवले. सत्तावीस. फरक नऊ.

अकरा यायला हवा होता; म्हणून तर त्या नंबराला अकराने भाग जात होता.

झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही, म्हणून तिने पुन्हा मिळवले. आपली बेरीज चुकलेली निघावी, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पुन्हा नऊच. मग तिने शेवटचे दोन आकडे बोट ठेवून वाचले. आठ-नऊ नव्हतं. नऊ-आठ होतं.

सिस्टर दारातून डोकावली. "सामान आवरून ठेवा हं. आणि आता तरी जरा हसा की!"

उद्या घर. स्वतःची गादी, दार लावून सलग चार तास झोप. क्षणभर तेवढंच दिसलं. मग पेटीतला तो एवढासा हात दिसला, सुईच्या जागी काळानिळा पडलेला.

शेजारी खिडकीवाली तोंडात पदर धरून हुंदके देत होती. "परत इंजेक्शनं, परत तीन आठवडे. मला नाही हो होत आता."

तिने वाकून त्या चुरगळलेल्या कागदावरचा नंबर पाहिला. सतरा. अठ्ठावीस. फरक अकरा.

आपला कागद तिने खिडकीवालीच्या मांडीवर ठेवला.

"रडू नका, हा घ्या तुमचा," ती म्हणाली. "आणि तो इकडे द्या. तो माझ्या बाळाचा आहे."