निळ्या उपरण्यावरचं कुंकू

"हाई काय शे, उषाबाई?"

भटूशेठनं निळं उपरणं ट्यूबलाइटखाली धरलं. कोपऱ्यात कुंकवाचं लाल बोट उमटलं होतं. त्यानं गठ्ठ्यातून दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. सगळ्यांना तेच. डिंडोलीतल्या त्या पत्र्याच्या छपराखालच्या शिलाई कारखान्यात मशिनी बंद व्हायची वेळ झाली होती, आणि शेठचं डोकं आत्ता कुठे सुरू झालं होतं.

"कुंकू शे," उपरणी शिवणारी उषाबाई म्हणाली. खानदेशातल्या माणसाला कुंकू ओळखू येऊ नये, याचं तिला नवल वाटलं.

डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये शेठचा मेहुणा योगेंद्र ताडकन पुढे सरकला. तिकडे कॅनडात सकाळ होती आणि निवडणूक तोंडावर. निळ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या उमेदवारासाठी ही उपरणी त्यानंच शिवायला सांगितली होती. निळ्यांचा तो एवढा कट्टर, की घरात टोमॅटोसुद्धा कच्चेच आणत असावा.

"लाल? मावशी, लाल म्हणजे लिबरल! समोरचा पक्ष! आमच्या गळ्यात त्यांचा रंग? लोक हसतील आम्हाला!"

"नवं कापड कोरं कसं धाडानं?" उषाबाईनं विचारलं.

"पहिल्या नगाला बोट लावतात, बाई!" भटूशेठ ओरडला. "सगळ्यांना कशाला?"

"कोन्तं उपरणं त्या उमेदवारना गळामा पडी, कोनले माहीत?"

शेठ गठ्ठ्यातली बाकीची उपरणी उलटीपालटी करू लागला. उषाबाईला त्या उमेदवाराचं नावही धड घेता येत नव्हतं. पण तिचा मुलगा अक्षय तिकडेच एका गोदामात खोकी उचलत होता. त्याचा कामाचा परवाना दिवाळीला संपणार होता, आणि पुढे त्याला राहू द्यायचं की परत धाडायचं, हे निवडून येणारे ठरवणार होते. तिच्या हाताखाली निळं आलं, म्हणून तिनं निळ्याला बोट लावलं. बाकीचं तिला समजून घ्यायचं होतं, आणि जाणकार माणूस आयताच समोर बसला होता. तिनं स्टूल मोबाइलपाशी ओढलं.

"तुमनी निशाणी काय शे, भाऊ?"

"इथं निशाणी नसते, मावशी. नाव वाचायचं आणि खूण करायची."

"मंग ज्याले वाचता येत नही, त्यानी काय करानं?"

योगेंद्रला हा विचार कधी करावा लागला नव्हता.

"बरं, निळा निवडून उना तर मना अक्षयले राहू देतीन का?"

आता मात्र त्याला जोर आला. "बघा मावशी, लालवाल्यांनी दहा वर्षं बाहेरच्यांसाठी दार सताड उघडं टाकलं. आव-जाव, घर तुम्हारा! आज घरं मिळत नाहीत, कामं मिळत नाहीत. आम्ही आलो, की आधी ते दार लावणार."

"आनि लाल उना तर?"

"तेही लावायलाच निघालेत! आमचं बघून!" देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेल्यासारखं तोंड करून तो म्हणाला.

उषाबाईला गंमत वाटली. दार लावायचं यावर दोघांचं एकमत. मग एवढं भांडण कशावरून? कडी आधी कुणी घालायची, यावरून? तिच्या डोळ्यांसमोर अक्षयची बॅग आली. त्या बॅगेची चेन तिनंच शिवून दिली होती.

"तू कॅनडामा गया तवय दार कोन्ता रंगनं व्हतं, भाऊ?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत नव्हतं. भटूशेठला मात्र माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी, लालवाल्यांच्याच राज्यात, मेहुण्याला विमानतळावर त्यानंच सोडलं होतं. तो खाली मान घालून उपरण्यांचे दोरे तोडू लागला. एकाही उपरण्याला दोरा राहिलेला नव्हता.

योगेंद्रनं कपातला चहा ढवळला. प्यायला नाही.

"सगळी धुवायला टाकतो," शेठ पुटपुटला. "इस्त्री मारून परवा पाठवतो."

"धुऊ नका, दाजी." योगेंद्रचा आवाज एकदम उतरला होता. "असू द्या. फक्त घडी अशी घाला, की लाल आत जाईल."

उषाबाईनं उपरणं मांडीवर घेतलं. कोपरा आत दुमडला आणि त्यावरून तळहात फिरवला. मग मोबाइल जवळ ओढला.

"कुंकूले तं आतमा जागा व्हई गयी," ती म्हणाली. "आते मना अक्षयनं काय, ते सांग."